घरी बांधलेल्या पद्मिनी गाडीच्या इंजिनचं टायमिंग कसं लावायचं, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

इंजिन घरी उघडलं, रिंगा-बेअरिंग नवीन टाकले, हेड बसवलं, तेल-पाणी भरलं, आता फक्त सेल्फ मारायचा राहिलाय, अशा वेळी हात लई शिवशिवतात. तरी पण अर्धा दिवस थांबा. टायमिंग म्हणजे प्लगला स्पार्क नेमका कधी द्यायचा ते, आणि प्रत्येक प्लगला स्पार्क वाटतो तो डिस्ट्रिब्युटर. बांधलेल्या इंजिनला पहिल्या स्टार्टलाच हे टायमिंग जवळपास बरोबर असावं लागतं. "आधी चालू तर होऊ दे, मग डिस्ट्रिब्युटर फिरवून कानाने लावू" हे चालत्या गाडीला एकवेळ ठीक आहे, पण नव्या बांधलेल्या इंजिनमध्ये रिंगा टाईट असतात, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि त्यावर चालणारे टॅपेट नवीन टाकले असतील तर त्यांचं एकमेकांशी घासून बसणं व्हायचं असतं, आणि त्यात तुम्ही पाच-पाच मिनिटं सेल्फ मारत बसलात तर कॅमवरचं असेंब्लीचं ग्रीस पुसून जातं आणि सुरू होण्याआधीच कॅम खराब व्हायला लागतो.

मी हे सगळं प्रीमियर पद्मिनीवर सांगतोय, कारण आमच्या घरात तीच आहे आणि तिचंच इंजिन अंगणात पत्र्याच्या शेडखाली बांधलं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, पुशरॉड, साखळीवरचा कॅम, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. अँबेसेडरवाल्यांनाही ९० टक्के हेच लागू होईल, फायरिंग ऑर्डरसुद्धा तीच. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुती ८०० ला तीन सिलिंडर आणि साखळीऐवजी बेल्ट, तिची ऑर्डर १-३-२, तिथे सिलिंडरचा हिशोब वेगळा पण पद्धत हीच.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की बसवा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो खालचा मुख्य शाफ्ट, दोनदा फिरतो तेव्हा कॅम आणि डिस्ट्रिब्युटर एकदा फिरतात. मला हे पुस्तक वाचून नाही कळलं, मामांनी सांगितल्यावर कळलं. मामा सोलापूरच्या पूर्व भागात पावरलूमवर जॉबर होते, आयुष्य मागांचं सेटिंग करण्यात गेलं. माझी पहिली स्टार्ट फसली, कार्ब्युरेटरमधून भक्कन जाळ बाहेर आला, बाजूला फडकं पडलं होतं ते पेटलं, आणि मी घाबरून बसलो होतो तेव्हा ते आले. म्हणाले, "काय करालास बे, मागाला पण असंच असतंय की. वरचा क्रँक दोन फेरे मारतो तवा खालचा शाफ्ट एक फेरा मारतो. एका फेऱ्याला धोटा डावीकडनं मारायचा, दुसऱ्या फेऱ्याला उजवीकडनं. क्रँक दोन्ही वेळेला त्याच जागी दिसतो, पण धोटा दुसऱ्या पेटीत असतोय. तू रिकाम्या पेटीला मारालास." (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जाणारा तुकडा.) अगदी तेच झालं होतं. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपून इनटेक उघडताना. क्रँकच्या पुढच्या पुलीवरची खूण दोन्ही वेळेला जुळते. मी दुसऱ्या वेळेला स्पार्क देत होतो, इनटेक व्हॉल्व्ह उघडायच्या वेळेला, म्हणून जाळ कार्ब्युरेटरमधून आला.

आता सामान. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती), प्लग पाना, पुलीच्या नटला बसणारा पाना, बारा व्होल्टचा छोटा बल्ब दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लँप, पांढरा रंग किंवा नेलपॉलिश, बारीक पट्टी, कागद, आणि शेवटच्या कामाला टायमिंग लाईट, म्हणजे प्रत्येक स्पार्कला चमकणारा दिवा. टायमिंग लाईट विकत नाही घेतला तरी चालतं, ओळखीच्या गॅरेजमधून एक दिवसासाठी मिळतो. गाडीचं मॅन्युअल जवळ ठेवा, झेरॉक्स असली तरी. टायमिंगचा आणि टॅपेट क्लिअरन्सचा आकडा तिथूनच घ्यायचा, आणि जुन्या गाडीला मधेच कुणी दुसऱ्या कंपनीचा डिस्ट्रिब्युटर बसवला असेल तर त्या डिस्ट्रिब्युटरचा आकडा घ्यायचा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊ नका.

काम सुरू करताना चावी बंद, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चारही प्लग काढून ठेवलेले. प्लग काढले की इंजिन हाताने हलकं फिरतं. पुढून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायचं, इंजिन चालताना ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला, कायम. खुणेच्या पुढे गेलं तर नुसतं मागे आणून थांबू नका, कारण साखळीत आणि गिअरमध्ये थोडा ढिलेपणा असतो, मागे आणलं की तो उलट बाजूला जातो आणि तुमचं माप चुकतं. पाव फेरा मागे जा आणि परत पुढे येत येत खुणेवर थांबा.

पहिलं काम टॅपेट. व्हॉल्व्हचा गॅप चुकीचा असेल तर व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळच बदलते, मग पुढचं सगळं हवेत. चार सिलिंडरला नऊची बेरीज लक्षात ठेवा. पुढून व्हॉल्व्ह एक ते आठ मोजायचे, आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, सहावा असताना तिसरा, बेरीज नऊ आली पाहिजे. नवीन माणसाला हे लई सोपं जातं.

मग साखळी. बांधताना दोन्ही चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या असतील तर ठीक, पण कव्हर बंद केल्यावर मनात शंका आली तर परत उघडायच्या आधी हे बघा. पद्मिनीत पहिला आणि चौथा पिस्टन जोडीने वर-खाली होतात. रॉकर कव्हर काढा, इंजिन हळूहळू फिरवा आणि चौथ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हकडे बघा. एक्झॉस्ट मिटत आला आणि इनटेक उघडायला लागला, दोन्ही रॉकर एका क्षणी झोका घेतल्यासारखे हलतात. तेव्हा पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर असतो. हा झोका पुलीच्या टीडीसी खुणेच्या (टीडीसी म्हणजे पिस्टन अगदी टॉपला असतो ती जागा) जवळपासच आला पाहिजे. लांब कुठेतरी येत असेल तर साखळीचा दात चुकलाय. कॅमचं चाक चाळीस दातांचं असेल तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश, एवढी चूक डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी झाकत नाही. इंजिन चालू होईल पण ओढणार नाही, आणि तुम्ही कार्ब्युरेटर, कॉईल, प्लग सगळं बदलत बसाल. कव्हर उघडायचा कंटाळा करू नका.

आता टीडीसी, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण लोक इथेच घाई करतात. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दुसऱ्याला इंजिन फिरवायला सांगा, किंवा भोकात ओल्या कागदाचा बोळा हलकेच बसवा. हवा अंगठ्याला ढकलायला लागली, बोळा फट्कन उडाला, म्हणजे कॉम्प्रेशनचा स्ट्रोक आहे, धोटा बरोबर पेटीत आहे. हे फक्त स्ट्रोक ओळखायला. पिस्टन नेमका टॉपला कधी आला हे त्याने कळत नाही, आणि भोकात स्क्रूड्रायव्हर घालूनही कळत नाही, कारण टॉपला पोचल्यावर पिस्टन क्षणभर थांबल्यासारखा असतो. क्रँक चार-पाच अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम केसभर हलतो, डोळ्याला समजत नाही. शिवाय भोक तिरपं असेल तर स्क्रूड्रायव्हर आत अडकून पिस्टनला ओरखडा पडतो. पेन्सिल तर नकोच, टोक मोडून आत राहतं.

त्यापेक्षा एक जुना प्लग घ्या, त्यातलं पांढरं चिनी मातीचं सगळं फोडून काढा, आतून एक बोल्ट घालून नटने पक्का करा, पुढचं टोक गोल घासा. हा झाला पिस्टन स्टॉप. पिस्टन थोडा खाली असताना तो पहिल्या भोकात बसवा आणि इंजिन पान्याने अगदी हळू फिरवा. पिस्टन बोल्टला टेकला की थांबा, ताकद लावू नका. पुलीवर, टायमिंग कव्हरच्या खुणेसमोर, एक रेघ मारा. आता उलट्या दिशेने फिरवत न्या, पिस्टन खाली जाऊन दुसऱ्या बाजूने परत बोल्टला टेकेल, तिथे दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मधे खरा टीडीसी. कंपनीची खूण तिथेच असेल तर छान, नसेल तर पुली घसरलेली आहे किंवा कव्हर दुसऱ्या गाडीचं आहे, जुन्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात. स्टॉप बसवलेला असताना सेल्फला हात लावायचा नाही, बॅटरीची एक वायरच काढून ठेवा, पिस्टनला भोक पडायला एक झटका पुरतो. काम झालं की स्टॉप लगेच काढून खिशात टाका.

टीडीसी मिळाला, आता अंशांच्या खुणा. पुलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा आणि ३६० ने भागा. समजा पुली १३० मिमी व्यासाची आहे, तर घेर साधारण ४०८ मिमी, म्हणजे एक अंश १.१३ मिमी. मॅन्युअलमध्ये समजा टीडीसीच्या आधी १० अंश दिलेत तर ११ मिमीवर दुसरी खूण. कुठल्या बाजूला ते नीट विचार करून मारा. पुली फिरत येताना ही खूण कव्हरच्या खुणेसमोर आधी यायला पाहिजे आणि टीडीसीची नंतर. टीडीसीला पांढरा आणि याला दुसरा रंग द्या, नाहीतर टायमिंग लाईटमध्ये दोन्ही सारख्या दिसतात.

टीडीसीच्या आधीच का मारायचा स्पार्क, असं नवीन मुलं विचारतात आणि प्रश्न बरोबर आहे. पेट्रोल-हवा बंदुकीसारखी एकदम फुटत नाही, ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि त्याला वेळ लागतो. ९०० आरपीएमला क्रँक एका मिलीसेकंदात साडेपाच अंश फिरतो, ३००० ला तोच १८ अंश फिरतो. ज्योतीला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून वेग वाढला की स्पार्क अजून आधी लागतो. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या आतली दोन वजनं आणि स्प्रिंगा करतात, आणि ज्याला व्हॅक्यूमची डबी आहे तिथे हलक्या लोडला ती अजून थोडा ॲडव्हान्स देते, म्हणजे स्पार्क आणखी आधी. आपण लावतो ते फक्त सुरुवातीचं टायमिंग. म्हणून डिस्ट्रिब्युटर बसवायच्या आधी त्याच्या आत फिरणारा रोटर बोटाने फिरवून सोडून बघा, झटकन परत आला पाहिजे. वजनं गंजून जाम असतील तर साफ करून एक-दोन थेंब तेल द्या. आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ एवढी उडते की कॅपच्या आतपण लाल थर सापडतो.

इंजिन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला १० अंशाच्या खुणेवर ठेवा आणि डिस्ट्रिब्युटर बसवा. रोटरचं तोंड कॅपमधल्या पहिल्या वायरीच्या जागेकडे पाहिजे. गिअरचे दात तिरपे असतील तर खाली बसताना रोटर थोडा वळतो, तेवढं आधीच मागे धरून बसवायचं, दोन-तीन वेळा काढ-घाल करावी लागते, त्यात काही नाही. मग इंजिन जरा फिरवून रोटर कुठल्या दिशेला फिरतो ते बघा, परत खुणेवर या, आणि त्याच दिशेने वायरी १-३-४-२ लावत जा. उलट दिशेने लावल्या तर पहिली आणि चौथी बरोबर बसतात पण दुसरी-तिसरीची अदलाबदल होते, इंजिन फुसफुसतं आणि दोनच सिलिंडरवर चालायला बघतं.

आता सीबी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतले उघड-मिट करणारे संपर्क, ते उघडले की स्पार्क पडतो. पॉइंटचा गॅप टायमिंगच्या आधी, नंतर कधीच नाही. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स होतं, कमी केला की उशिरा उघडतात. टायमिंग लावून मग गॅप हलवला तर सगळं पाण्यात. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणा, पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेज घाला. या काळातल्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरला ०.४० मिमीच्या आसपास असतो, मिस्त्री लोक पंधरा-सोळा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) म्हणतात ते हेच. पातं जाताना हलकं घासलं पाहिजे, पॉइंट ढकलून उघडायला नको. नवीन पॉइंटवर संरक्षणाचं तेल असतं ते पेट्रोलमध्ये भिजवलेल्या कागदाने पुसा, आणि कॅमच्या उंचवट्याला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा, जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं.

टेस्ट लँपची एक वायर कॉईलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरीच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावा. इंजिन खुणेवर आहे का परत बघा. बॅटरी जोडा, चावी ऑन करा, सेल्फ नाही मारायचा. डिस्ट्रिब्युटरचा क्लँप जेमतेम सैल करा, एवढाच की हाताने फिरेल पण सोडला तर जागेवर राहील. रोटरला एका बोटाने त्याच्या फिरण्याच्या उलट बाजूला हलकं दाबून ठेवा म्हणजे गिअरमधला ढिलेपणा निघतो. आता डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटर फिरतो त्या दिशेला थोडी फिरवा, पॉइंट मिटतील आणि दिवा विझेल. मग उलट दिशेला अगदी हळू, मुंगीच्या पावलाने, फिरवा. ज्या क्षणी दिवा लागतो त्या क्षणी पॉइंट उघडले, म्हणजे स्पार्क तिथे पडतो. थांबा, क्लँप आवळा. आवळताना बॉडी हलते, म्हणून तपासणी करायचीच. इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून आणा आणि खूण जवळ येताना दिव्याकडे बघा. खूण जुळताना दिवा लागला तर झालं. मला पहिल्यांदा हे चार वेळा करावं लागलं, चौथ्यांदा खूण आणि दिवा एकदम जुळले तेव्हा सगळा थकवा गेला. चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असताना कॉईलमधून सतत करंट वाहतो आणि ती तापून जाते.

प्लग अजून बाहेरच आहेत, तोवर कॉईलची जाड वायर काढून नीट अर्थ करा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारून ऑईलचा दिवा विझेपर्यंत तेल वर चढवा. मग प्लग लावा, वायर जोडा, एक माणूस आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभा ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, पाण्याची बादली ठेवली तर ती रेडिएटरसाठी. सिलिंडर नसेल तर कोरडी वाळू ठेवा, वाळू सगळीकडे मिळते.

सगळं बरोबर असेल तर इंजिन दोन-तीन सेकंदांत धरतं. कार्ब्युरेटरमधून जाळ आला तर डिस्ट्रिब्युटर उलट्या टीडीसीवर बसलाय, उचलून अर्धा फेरा फिरवून बसवा, किंवा कॅपवर पहिली-चौथी आणि दुसरी-तिसरी वायर अदलून टाका. सेल्फ मारताना इंजिन मधेच अडकून उलटा झटका देत असेल तर टायमिंग फार ॲडव्हान्स आहे. सायलेन्सरमधून फटफट आणि मॅनिफोल्ड लवकर लाल व्हायला लागलं तर रिटार्ड आहे, म्हणजे स्पार्क उशिरा पडतोय, लगेच बंद करा, मे महिन्यात ४२ डिग्रीत टाईट इंजिन असं चालवलं तर हेड गास्केट जायला वेळ लागत नाही. माझा सल्ला, नवीन इंजिनची पहिली स्टार्ट उन्हाळ्यात असेल तर सकाळी सहाला करा. कॅम-टॅपेट नवीन असतील तर चालू झाल्या झाल्या आयडलिंगला सोडू नका, २००० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं ठेवा, अधेमधे थोडं कमी-जास्त करा, डोळा तेलाच्या दिव्यावर आणि टेंपरेचरवर.

इंजिन गरम झालं की टायमिंग लाईट. पहिल्या प्लगच्या वायरीला क्लिप, बॅटरीला दोन वायरी, व्हॅक्यूमची नळी असेल तर काढून तिचं तोंड बंद करा, आयडल मॅन्युअलप्रमाणे खाली आणा. लाईट खुणेवर मारा. इथे एक गोष्ट जिवाची आहे. लाईटच्या झगमगाटात फिरणारा पंखा थांबल्यासारखा दिसतो. खरंच थांबलेला वाटतो. बाह्या वर करा, गळ्यातला गमछा काढून ठेवा, पोरांना लांब ठेवा. खूण थोडी इकडे-तिकडे असेल तर क्लँप सैल करून बॉडी हलवा, रोटरच्या उलट दिशेला ॲडव्हान्स, रोटरच्या दिशेला रिटार्ड, आणि लक्षात ठेवा डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. मग रेस द्या, खूण हळूहळू ॲडव्हान्सकडे सरकली पाहिजे आणि सोडल्यावर परत आली पाहिजे. उड्या मारत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजलाय, तो बदलल्याशिवाय टायमिंग टिकणार नाही.

शेवटी रस्त्यावर. सोलापूर सपाट आहे, विजापूर रोडला किंवा होटगी रोडला चढच नाही, त्यामुळे गावात सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. मी तुळजापूर रोडला जातो, घाटात. पण तेही पहिले काही शे किलोमीटर जपून चालवून झाल्यावर, नवीन रिंगांना लगेच ताण नको. टॉप गिअरला चाळीसच्या आसपास वेग ठेवून चढाला ॲक्सिलरेटर दाबायचा, खिडकी उघडी. डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक खडखड आवाज क्षणभर आला आणि वेग वाढताच गेला तर चालतं. आवाज चालूच राहिला तर लगेच पाय उचला, दोन अंश रिटार्ड करा. नॉकिंग पिस्टन खातं, त्याला सवय होऊ देऊ नका. आवाज अजिबात नाही आणि गाडी जड वाटते तर एक-दोन अंश पुढे घ्या, पण मॅन्युअलच्या आकड्यापासून लांब जायची गरज पडली तर कारण दुसरीकडे आहे, बहुतेक वेळा कार्ब्युरेटर. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असतं, त्याने मिक्श्चर थोडं पातळ होतं आणि जुन्या रबरी नळ्या, पंपाचा डायफ्रॅम फुगतो, तेही बांधतानाच बदलून घ्या.

जमलं की डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर आणि ब्लॉकवर आरपार एक रेघ कोरून ठेवा, आणि वहीत तारीख, पॉइंटचा गॅप, टायमिंगचा आकडा लिहा. नवीन पॉइंटची टाच पहिल्या ५०० किलोमीटरला सगळ्यात जास्त झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे येतं. तेव्हा टॅपेट परत बघाल, त्याच दिवशी आधी गॅप आणि मग लाईट.